नोरीनच्या तिळाचा ठोकळा

मी मेणाचा एक जुना ठोकळा आहे, मित्रांनो. माझ्या पोटात नोरीन पास्कोच्या पोटरीवरचा काळा तीळ आहे. तीळ कसला, त्वचेचा कर्करोगच तो.

नोरीन ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गला मुलांना पोहायला शिकवायची. तीळ वाढतोय हे तिला दिसत होतं. तिचा भाऊ क्लाइव्ह मात्र हसायचा. "अगं, उन्हात जन्म गेला आपला! एवढ्याशा ठिपक्याला काय घाबरतेस?" असल्या शहाण्यांची मला किळस येते. याच शहाण्याचा अर्धा कान पुढे असल्याच ठिपक्यापायी कापावा लागला.

शेवटी नोरीनने तीळ काढून घेतला. ब्रिस्बेनच्या प्रयोगशाळेत तो मेणात बसवला आणि मी घडलो. माझे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली गेले. "फार खोल नाही. परत यायचा नाही," असं सांगून डॉक्टर इयन गार्डिनर जेवायला गेले. मी खणात पडलो. तीन वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मग संशोधक लुसिआ फिफिता आली. तिने माझे नवे काप घेतले. पेशींत मायक्रोआरएनए नावाचे इवलेसे रेणू असतात. त्यांच्या कमी-जास्त प्रमाणावरून आजार पुढे कसा वागेल, याचा अंदाज येतो का, हे ती तपासत होती. माझ्यातलं प्रमाण आजार उलटलेल्या रुग्णांसारखं निघालं.

गार्डिनर खो खो हसले. "आता मेण भविष्य सांगणार होय गं?"

"भविष्य नाही, इयन, अंदाज. माझा चुकला तर या बाईचा एक दिवस वाया जाईल. तुमचा चुकला तर जीव जाईल."

तिने संशोधनाच्या नैतिकता समितीची परवानगी मिळवून नोरीनला तपासणीला बोलावलं. जांघेत वाटाण्याएवढी गाठ सापडली. ती काढली, औषध सुरू झालं. दोन वर्षं झाली, नोरीन रोज पोहते. आणि गार्डिनर सभेत सांगतात, "आम्हाला शंका होतीच." आम्हाला म्हणे!

मित्रांनो, अंगावरचा डाग बदलला तर लगेच दाखवा, हसणाऱ्यांना हसू द्या. आणि एक विनंती. जागा अडते म्हणून जुने ठोकळे जाळायचं पत्र कालच निघालंय, सही गार्डिनरांची. माझ्या खणात चारशे जण आहेत. त्यांची माणसं अजून कुठेतरी चालतायत, फिरतायत. काडी लावण्याआधी लुसिआला एकदा विचारा.