अंथुर्ण्याच्या शेततळ्यावर मी होते

“पाळकसाहेबांनी म्हणे सोपानतात्यांना अंथुर्ण्याच्या शेततळ्यात नेऊन...”

शकुबाई एवढंच बोलल्या. समोरून पाळकीणबाई चहाचा ट्रे घेऊन येताना दिसल्या, तशी त्यांनी जीभ आवरली आणि “आज गवती चहा घातलाय वाटतं” म्हणून विषय बदलला. शेजारच्या दोघींनी तोंडाला पदर लावला. न बोललेलं त्यांना बरोबर कळलं होतं.

कळलं मलाही, आणि माझ्या चारी पायांतलं बळच गेलं. कारण शकुबाई जिच्यावर बसून हे बोलत होत्या ती मी. बारामतीच्या आमच्या चर्चमधली मरून रंगाची प्लास्टिकची खुर्ची. आणि त्या दिवशी शेततळ्यावर मी होते.

माझा जन्म एमआयडीसीतला. प्लास्टिकचे दाणे यंत्रात वितळले, साच्यात गेले, साचा उघडला आणि मी बाहेर पडले. माझ्या पुढं एक बहीण, मागं एक बहीण, नावं ठेवायचीसुद्धा सोय नाही. एकीत एक बसून टेम्पोनं चर्चला आलो तेव्हा तिथं लाकडी बाकं होती. बाकं बाहेर गेली म्हणून म्हातारी माणसं आमच्यावर रुसली होती. बाकावर म्हणे सरकून कुणालाही जागा करून देता यायची, खुर्चीवर जो तो आपापला. त्यांचं चुकत नव्हतं.

शेजारीपाजारी लग्नाकार्याला आम्हाला मागून न्यायचे आणि परत येताना आमच्यातल्या दोघी-तिघी कमी असायच्या. म्हणून सगळ्यांच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं क्रूस काढला. तो पाठीवर घेऊन मी बारशाला गेले, सोसायटीच्या मीटिंगला गेले. अंथुर्ण्याच्या गोकुळरावांच्या मुलीच्या हळदीला तर नवरी माझ्यावरच बसली होती. क्रुसाला हळद लागली ती अजून निघाली नाही. पाळकसाहेबांनी बघितली आणि म्हणाले, “राहू दे, शोभतीय.”

रविवारी मात्र मी चर्चमध्ये. माणूस बसला की मला त्याचं मन कळतं. प्रार्थनेला पुढं सरकतो तो अडचणीत असतो. पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवते तिची जाऊ अजून यायची असते, किंवा जाऊ शेजारी बसू नये अशी इच्छा असते. आणि पाळकांनी “हे काम कोण करील?” असं विचारलं की अख्खी मंडळी एकदम मागं टेकते.

सोपानतात्या कधी मागं टेकले नाहीत. डेअरीत दुधाचे कॅन धुण्यात त्यांची उमर गेली. रिटायर झाल्यावर चर्चची झाडलोट स्वतःहून अंगावर घेतली. हल्ली हृदय थकलं होतं, दम लागायचा, म्हणून मला पुसता पुसता माझ्यावरच बसायचे.

एक दिवस झाडू टाकून ते पाळकांच्या खोलीत आले. आमचे पाळक म्हणजे दीपकसाहेब, चाळिशीतला शांत माणूस. तात्यांना खाली बसवत नाही म्हणून त्यांनी मला आत ओढलं.

“साहेब, झोप येत न्हाय.”

“गोळ्या घेताय ना?”

“गोळीचं न्हाय वो. अनिता काय म्हणती ते ऐका.” अनिता ही त्यांची मुलगी, राहायला त्यांच्या शेजारीच. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याबरोबर एमआयडीसीजवळच्या एका नव्या प्रार्थनेच्या हॉलला जाते. “ती म्हणती, शिंपडून झाल्याला बाप्तिस्मा खरा न्हाय. पाण्यात बुडून वर यायला लागतं. माझ्यावर तर मी तान्हा असतानाच पाणी शिंपडलंय, आईनंच सांगितलंय. आता मी वर गेलो आन् तितं इचारलं, तर काय सांगू? मला तर कायबी आठवत न्हाय.”

दीपकसाहेब जवळ सरकले. “तात्या, तुम्हाला आठवण्याची गरज नाही. देवानं तुम्हाला एकदा आपलं म्हटलंय. मी दुसऱ्यांदा बाप्तिस्मा दिला, तर पहिल्यांदा देव खोटं बोलला असा त्याचा अर्थ होईल.”

“देव खोटं बोलला असं म्या कुठं म्हणतो? पर मी तवा झोपल्यालो हुतो.”

दीपकसाहेबांना हसू आलं, पण तात्या हसत नव्हते. माझे दोन्ही हात त्यांनी घट्ट धरून ठेवले होते. मरणाला हा माणूस भीत नव्हता. मेल्यावर आपल्याला कुणी ओळखणारच नाही, याला भीत होता. ते मला त्या बोटांतून कळत होतं आणि मी हबकले. इतकी वर्षं देवाचं घर झाडणाऱ्या माणसाला आत घेतील का नाही याची धास्ती?

अडचण पाळकांचीही होती. आमच्या मंडळीत दुसरा बाप्तिस्मा देणं म्हणजे पाळकाची पाळकी जाणं. आणि नियम बाजूला ठेवला, तरी असं हृदय घेऊन म्हाताऱ्याला गार पाण्यात बुडवणार कसं? ते शेवटी म्हणाले, “आपण पाण्याशी जाऊन बसू. तुम्ही विश्वासाचा अंगीकार म्हणा, रविवारी आपण सगळे म्हणतो तोच. मी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. झालेल्या बाप्तिस्म्याची आठवण करायची, नवा द्यायचा नाही. पाण्यात उतरायचं नाही. कबूल?”

“कबूल,” तात्या म्हणाले. “पर पाणी जवळनं दिसलं पायजे.”

कालव्याला तेव्हा पाणी सुटलेलं नव्हतं. गोकुळराव म्हणजे तात्यांचे डेअरीतले जुने दोस्त. त्यांचं शेततळं काठोकाठ भरलेलं. तात्यांना बसायला खुर्ची हवी म्हणून व्हॅनमध्ये मागं मी, पुढं पाळकसाहेब आणि तात्या. अनिताही आली, तोंड जरा फुगवूनच.

शेततळं म्हणजे केवढा तरी खड्डा आणि त्यात प्लास्टिकचा काळा कागद अंथरलेला. म्हटलं तर माझ्याच जातीचा, पण स्वभावानं बेभरवशाचा. गोकुळरावांनी कुंपणाचं फाटक उघडलं आणि आधी तेच सांगितलं. “साहेब, कडंला जाऊ नगा. कागद लई निसरडा हाय. आत गेल्याला माणूस दोर असल्याबिगर वर येत न्हाय.” खांबाला गाठी मारलेला दोर बांधलेला होता. तो दाखवून ते ठिबकचा फिल्टर बघायला पलीकडं गेले.

बांधावर मला ठेवलं. तात्या बसले आणि त्यांनी अंगीकार म्हटला, एक शब्द न चुकता, दम खात खात. पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. अनिताच्यासुद्धा डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यावर उठले असते तर मला आज बोलायला काही नसतं.

“साहेब, पाण्याला हात लावू का?”

पाळकांना नाही म्हणवलं नाही. त्यांनी मला थोडं पुढं सरकवलं. माझे पुढचे दोन पाय कागदावर गेले. तात्या वाकले आणि माझ्याखालचं सगळं निसटलं. आधी मी, मग तात्या, पाठीवर घसरत सरळ पाण्यात. तात्यांचं डोकं पाण्याखाली गेलं. पागोटं तेवढं वर तरंगत राहिलं.

अनिताची किंकाळी ऐकली. दुसऱ्याच क्षणी पाळकसाहेब चपलांसकट पाण्यात आले. मी उलटी होऊन तरंगत होते, चारी पाय आभाळाकडं. माझ्या शेजारीच त्यांनी तात्यांना काखेत धरलं होतं आणि दोघंही खाली-वर होत होते. गोकुळराव पळत आले. दोर पडला. पाळकांनी एका हातानं गाठ पकडली, वरून गोकुळराव आणि अनितानं ओढलं.

बांधावर तात्या खोकले, पाणी ओकले, आणि डोळे उघडून पहिलं काय बोलले माहीत आहे?

“साहेब, झाला का?”

चेहऱ्यावर असं हसू, की मी तसं त्यांच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. पाळकसाहेब थंडीनं कुडकुडत त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्याचा मला बुडण्यापेक्षा मोठा धक्का बसला.

मला गोकुळरावांनी आकडा टाकून बाहेर काढलं. एक पाय चिरला होता. तात्या घरी जाऊन भाकरी खाऊन झोपले, ते उन्हं वर आल्यावर उठले. अनितानं त्यांच्या हॉलच्या ग्रुपवर टाकलं, “माझे वडील पाण्यातून वर आले, प्रभूचे आभार.” बाईनं खोटं काही लिहिलं नव्हतं. वाचणाऱ्यांनी पुढचं आपापलं जुळवून घेतलं. रविवारपर्यंत ते शकुबाईंपर्यंत पोचलं, आणि चहाच्या वेळी माझ्यावर बसून त्या काय बोलल्या ते सांगितलंच.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर सेक्रेटरी आबासाहेबांनी सगळ्यांना बसवून ठेवलं. साक्षीला गोकुळरावांना बोलावलं होतं. ते टोपी हातात घेऊन दाराशी उभे. तात्या पहिल्या ओळीत माझ्यावर, नवा शर्ट घालून, नवरदेवासारखे. बापाचं काय होतंय बघायला अनिताही आलेली.

“गोकुळराव, पाण्यात असताना पाळक काय म्हणाले? पिता, पुत्र, पवित्र आत्मा, अशी बाप्तिस्म्याची तीन नावं घेतली?”

“नाव एकच घेतलं. माझं.” गोकुळराव म्हणाले. “‘गोकुळराव, दोर टाका’ म्हणले. मला तुमचं बाकीचं काय कळत न्हाय.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. आबासाहेब हसले नाहीत. “पाळकसाहेब, तुमच्या तोंडून ऐकू द्या. बाप्तिस्मा दिला का नाही?”

नाही म्हटलं की पाळकी वाचते, आणि ते खरंही आहे. पण माझ्यावर बसलेल्या माणसाला त्या दिवसापासून झोप लागत होती. ती त्याच एका शब्दानं जाणार.

दीपकसाहेब उठून तात्यांच्या समोर आले. आबासाहेबांकडं त्यांनी बघितलंही नाही.

“तात्या, मी बाप्तिस्मा दिला नाही. तुम्ही त्या दिवशी विचारलंत आणि मी गप्प राहिलो. तुमचं हसू मोडवेना. पण देवाच्या नावानं तुम्हाला खोट्यावर झोपवणं मला जमणार नाही. तुमचा बाप्तिस्मा तुमच्या आईच्या मांडीवर झालाय. तो खरा आहे.”

तात्यांच्या बोटांनी माझे हात आवळले. अनिता उठून उभी राहिली.

“मग पाण्यात कशापायी उतरलात?” तात्यांनी विचारलं.

“तुम्ही बुडत होता.”

“पवता येतं तुमाला?”

पाळकसाहेबांनी खाली बघितलं. “नाही.”

गोकुळरावांच्या हातातली टोपी पडली. “आवं साहेब, दोन पुरुष पाणी हाय तितं. मी पलीकडं हुतो. दोर वढायला एकटी अनिता हुती.”

“ते मला आत गेल्यावर आठवलं.”

पाळकीणबाईंनी वळून नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं ही गोष्ट घरीसुद्धा सांगितली नव्हती. आबासाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला तर वाटलं, माझा दुसराही पाय चिरतोय.

तात्या हळू म्हणाले, “पवता येत न्हाय, तरी माझ्यामागं आला. चाकर असा, तर मालक मला टाकून देईल व्हय?”

“नाही टाकणार, तात्या.”

“मलाबी तसंच वाटाया लागलंय. पर लगीच काय सांगत न्हाय. आज रातच्याला झोप लागली, तर खरं.”

ते काठीवर भार देऊन उठले. बोटं सैल होती.

आबासाहेबांनी विचारलं, “वरच्या ऑफिसला काय कळवू?” तात्याच दारातून म्हणाले, “बुडालो म्हणून कळवा.”

त्यानंतरच्या रविवारी अनिता आमच्याकडं आली, तिच्या हॉलची उपासना आटोपून. शकुबाई पुन्हा माझ्यावर होत्या. त्यांना राहवतंय कुठं?

“काय गं, तात्या झोपत्यात का?”

“घोरत्यात. भिंतीपलीकडं आमाला झोप न्हाय.”

“मग आता तू काय म्हणतीस? शिंपडल्यालं चालतं?”

“मी अजून बुडायलाच पायजे म्हणते. पर त्यांच्याफुडं बोलत न्हाय.”

शकुबाईंनी चहाचा घोट घेतला. “म्हणजे बघा, पाळकांनी तात्यांना शेततळ्यावर नेलं हे खरं. पाण्यात बुडालं हे खरं. दुसरा बाप्तिस्मा तेवढा झाला न्हाय. मी काय अगदीच खोटं बोलत न्हवते.”



आता माझा चिरलेला पाय तारेनं बांधलाय. मला ओळीतून काढून व्हरांड्यात ठेवलंय, चपला घालता-काढताना टेकायला. बहिणी आत उपासनेत असतात आणि मी बाहेरून ऐकते. तक्रार नाही. इथं जास्तच ऐकू येतं. आत जाणारे-येणारे तुम्ही, एवढं करा. माझ्यावर बसून कुणाबद्दल बोलायला लागलात, तर मधेच ट्रे आला म्हणून विषय बदलू नका. बोलणं पुरं होईपर्यंत बसा. चहा परत गरम करून मिळतो आमच्याकडं.