रिकाम्या खुर्चीचं माप

मी मापाचा माईक बोलतोय. खरं तर बोलणं हे माझं काम नव्हे. जन्मभर मी फक्त ऐकलं. लिंबाएवढा माझा जीव आणि शेपटीसारखी लांब काळी वायर. होम थिएटरचा आवाज सांभाळणाऱ्या रिसीव्हरच्या खोक्यात, माहितीपुस्तिकेच्या खाली माझी जागा. स्पीकर बसवले की मला एकदा खोलीत उभं करायचं, स्पीकर आळीपाळीने चिवचिवणार, मी ते ऐकून रिसीव्हरला खोलीचं माप सांगणार आणि परत खोक्यात. आठ मिनिटांची नोकरी आणि पुढे जन्मभर पेन्शन.

मला निवडलं ते बाईंनी. बाई तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि त्यांचे यजमान जमिनीचे मोजणीदार. दोघंही निवृत्त झालेले आणि आयुष्यातलं पहिलं होम थिएटर घ्यायचं ठरलेलं. त्यासाठी दोघं तीन रविवार दुकानात आले. मोजणीदारांचा डोळा छातीएवढ्या उंच स्पीकरांवर होता, आणि दुकानदारही त्यांच्यासाठी उत्साहाने स्फोट आणि वादळं लावत होता.

"धडामधुडुम कोणालाही जमतं," बाई डोळे मिटून म्हणाल्या. "कोणीतरी हळू बोलतंय असं काहीतरी लावा बरं."

कुजबुज लावल्यावर मोठ्या स्पीकरांचा घसा बसल्यासारखा वाटला. बाईंनी फळीवर मावतील असे लहान स्पीकर निवडले. मधला मात्र चांगला दणकट घेतला, कारण माणसांचं बोलणं त्यातून येतं. रिसीव्हरची वेळ आली तेव्हा दुकानदार म्हणाला, "याच्यासोबत माईक येतो. तो खोली ऐकतो आणि मग आवाज जुळवला जातो."

"मग हाच द्या. घरात एक तरी ऐकणारं असू दे."

"ऐकलं हो!" मोजणीदार म्हणाले, आणि दुकानदारासकट सगळे हसले.

माल यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत बाई गेल्या. ताप आला आणि पाच दिवसांत होत्याचं नव्हतं झालं.

फिटर सामान घेऊन आला तेव्हा मोजणीदार "परत न्या" म्हणणार होते, पण बाईंनी निवडलेलं म्हणून त्यांनी ते आत घेतलं. फिटरने मला त्यांच्याच मोजणीच्या जुन्या तीन पायांच्या स्टँडवर चढवलं. समोर दोन खुर्च्या होत्या. मोजणीदारांना बाहेर काढून त्याने आधी यजमानांच्या खुर्चीजवळ माप घेतलं, मग बाईंच्या. आवाज किती घुमतो त्याचा आकडा टीव्हीवर उमटला: पहिला चौदा, दुसरा अकरा.

"काका, त्या खुर्चीत कोणी बसलं होतं का?"

"कोण बसणार आता?"

"नाही म्हणजे, माणूस बसला की त्याचे कपडे, केस आवाज पितात. आकडा उतरतो. रिकाम्या खुर्चीला चौदाच यायला हवेत."

त्याने पुन्हा मोजलं. अकराच. मग वायरी आवरायच्या सोडून त्याने काढता पाय घेतला.

मी चुकलो नव्हतो. खुर्चीत कोणीतरी होतं, ऊबदार आणि शांत. मान जरा डावीकडे कललेली, कानाला हेडफोन लावल्यासारखी.

मोजणीदारांचा जन्मभर जिभेपेक्षा आकड्यावर विश्वास. ते रोज दुपारी मला स्टँडवर चढवायचे, माप घ्यायचे आणि अकरा आले की खुशाल गप्पा मारत बसायचे. मुलगी फोनवर विनवायची, "बाबा, एकटे राहू नका. माझ्याकडे या ना." शेवटी ते म्हणाले, "आकडा चौदा झाला की येतो. शब्द देतो." ती फोनवरच रडली, पण बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे तिला ठाऊक होतं.

आकडा हळूहळू चढू लागला. बारा. साडेबारा. तेरा. पाहुण्याने निघताना दारात उभं राहून आणखी दोन गोष्टी बोलाव्यात, तशा बाई निघाल्या होत्या. आणि एका दुपारी खुर्ची साफ रिकामी झाली.

मी चौदा म्हणायला हवं होतं. मी अकरा म्हणालो.

त्यांची दया आली, असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण खरं कारण वेगळं आहे. चौदा म्हटलं की ते लेकीकडे जाणार आणि मी खोक्यात. कोणी रोज हातात घेतं, फुंकर मारून धूळ उडवतं, त्याची मला चटक लागली होती. मोजणीदार त्या दिवशी आनंदाने रडले आणि मला लाजही वाटली नाही.

महिनाभर मी हेच केलं. मग एका दुपारी मला खोटं बोलावंच लागलं नाही. खुर्चीत कोणीतरी होतं. आकडा आला नऊ.

बाई अकराच्या खाली कधीच गेल्या नव्हत्या. याला ऊब नव्हती. मान कुठेच कललेली नव्हती. ती सरळ माझ्याकडे वळलेली होती. जागा भरलेली आहे असं रोज सांगत राहिलं, की ते फक्त घरातलीच माणसं ऐकतात असं नाही, हे मला तेव्हा कळलं.

"अंग भरलं गं तुझं!" मोजणीदार कौतुकाने म्हणाले.

पुढे सात आले. मग पाच. आता मी जिवाच्या आकांताने चौदा सांगतो, तरी टीव्हीवर पाचच उमटतो. आकडा आता मी सांगतच नाही. मोजणीदारांचं जेवण अर्ध्यावर आलंय. खुर्ची हळूहळू त्यांच्याकडे सरकतेय, आणि आपणच ती सरकवली असेल असं त्यांना वाटतं.

काल मुलीचा फोन आला. "आई तिथेच आहे म्हणता ना? मग उद्या येतेच मी. त्याच खुर्चीत बसून दाखवते, म्हणजे ती रिकामी आहे याची तुमची खात्री पटेल."

"ये, ये," मोजणीदार म्हणाले. "ती वाटच बघतेय."

तुमच्यापैकी कोणी तिला ओळखत असेल, तर एवढा निरोप द्या. माझं काय करायचं ते करा. फेका, पायाखाली चेचा, माझी काही तक्रार नाही. पोरी, दारातूनच बाबांना हाक मार, हाताला धरून बाहेर काढ आणि असशील तशी निघ. पण त्या खुर्चीत बसू नकोस.