तोतोर्पपर्यंतचे सतरा किलोमीटर

फेब्रुवारीत अंगणातला बर्फ उपसता उपसता स्टाफन आडवा झाला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि बूट न घालता तशीच मोज्यांवर धावले. अँब्युलन्स येईपर्यंत अकरा मिनिटं मी त्याची छाती दाबत होते. त्याच्या दोन बरगड्या माझ्या हाताखाली मोडल्या. तो वाचला. डॉक्टर म्हणाले, बायकोनं वाचवलं. शेजारीही तेच म्हणाले. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

जून उजाडला तसं त्यानं काढलं, "योता कालव्यातून वल्हवत जाऊ या. थेट समुद्राला लागेपर्यंत."

"वेड लागलंय का तुला?"

"डॉक्टरांना विचारलंय. बेताबेतानं वल्हवायला हरकत नाही म्हणाले."

"बेताबेतानं म्हणजे काय, ते तुला आयुष्यात कधी कळलंय?"

तो हसला. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवण्यात त्याची तीस वर्षं गेली. होडी त्यानंच बांधलेली, आजारी पडायच्या आदल्या वर्षी. नाही म्हटलं असतं तर एकटा गेला असता. म्हणून मी निघाले.

मला एक गोष्ट आधी सुचली नव्हती. वल्हवणारा पाठमोरा पुढे जातो. त्याचं तोंड मागे असतं. सुकाणू धरणारा मागच्या फळीवर, त्याच्या बरोब्बर समोर. म्हणजे रोज सात-आठ तास आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणार. अठ्ठावीस वर्षं मी मारियेस्तादमध्ये बस चालवली, रस्त्यावरून कधी नजर हलली नाही. इथे समोर सरळसोट कालवा, दोन्ही काठांना बर्चची झाडं, आणि मला दिसत होते फक्त त्याचे ओठ. निळसर झालेत का? हा घाम कसला? श्वास असा का अडकला?

"मार्गित, डावीकडे! काठाला लागतोय आपण!"

"तू दम घे जरा."

"दम मला नाही लागलेला. तू समोर बघ. मला काय बघतेस?"

पाण्याच्या दरवाज्यांपाशी तर रोजच भांडण. मोठ्या बोटी दोन दरवाज्यांमध्ये कोंडलेल्या पाण्याबरोबर पायरीपायरीनं वर चढायच्या. आमच्यासारख्यांनी होडी बाहेर काढायची, दोन चाकांच्या गाड्यावर चढवायची आणि टेकाड चढून पलीकडे पुन्हा पाण्यात सोडायची. तीन दिवसांत असे एकोणीस दरवाजे झाले. प्रत्येक वेळी मी त्याच्या हातातून दोरी हिसकावून घ्यायची.

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत."

"हा अख्खा कालवा सैनिकांनी फावड्यानं खणला, बावीस वर्षं. मला एक होडी ओढू देत नाहीस तू."

तोरेबोदाला पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. त्यानं धक्क्यावर होडी बांधली, बाकावर आडवा झाला आणि डोळ्यांवर टोपी ओढली. मी शेजारी बसले. पाच मिनिटं बसले असेन. मग राहवेना. हळूच त्याचं मनगट धरलं आणि नाडी बघायला लागले.

टोपी हलली नाही. पण मला कळलं, तो जागा होता.

थोड्या वेळानं तो उठला. शांतपणे म्हणाला, "पाव संपलाय. आणतेस का? आणि चीजही बघ."

पाव, चीज आणि चार टोमॅटो घेऊन परत आले तर धक्का रिकामा. बाकावर दगडाखाली चिठ्ठी होती: "तोतोर्पला भेटू. सतरा किलोमीटर आहे, वाटेत एकही दरवाजा नाही. बस घे. जिवंत पोचेन."

दोघांचे फोन माझ्या पिशवीत होते. ते माझ्याकडेच असावेत हा हट्टही माझाच.

धक्क्याजवळ एक बाई आइस्क्रीम विकत होती. माझा चेहरा पाहून तिनं विचारलं, "काय झालं?"

"नवरा होडी घेऊन पळाला."

"नशीबवान आहेस. माझा खुर्चीतून उठत नाही." मग माझ्या हातातली चिठ्ठी तिनं वाचली. मागून आपली सायकल काढून दिली. "तोतोर्पच्या कॅफेपाशी ठेव. माझी भाची तिथंच कामाला आहे, येताना घेऊन येईल."

काठाकाठानं मातीची वाट आहे. पूर्वी तिच्यावरून बैल बोटी ओढत न्यायचे. त्या वाटेवर मी अशी सायकल हाणली की पिशवीतल्या टोमॅटोंचा लगदा झाला. प्रत्येक वळणाला वाटायचं, आता दिसेल: होडी काठाला टेकलेली, वल्ही सुटलेली. एका ठिकाणी पाण्यात काळं काहीतरी तरंगताना दिसलं. सायकल टाकून धावले. झाडाचं खोड निघालं.

सातव्या-आठव्या किलोमीटरवर कालवा अगदी सरळ झाला, आणि लांबवर तो दिसला. वल्ही पडत होती, उठत होती. त्याचं तोंड माझ्याच दिशेला होतं, त्यामुळे मला लपायला जागा नव्हती. एवढ्या लांबून त्यानं मला ओळखलं असणार. तरी तो थांबला नाही. मी बरोबरीला आले, तरीही नाही.

"थांब!"

"नाही थांबत."

"स्टाफन, मरशील!"

"मग मरेन! पण रोज तुझ्या तोंडावर माझं मरण बघत नाही बसणार!" त्याचा आवाज पाण्यावरून माझ्यापर्यंत आला. "तुला वाटतं मला भीती नाही? सकाळी जाग आली की आधी छातीवर हात ठेवतो मी. मग वल्हं हातात घेतो, आणि तासाभरानं विसरतो. वर बघतो तर तू! तुझ्याकडे बघितलं की पुन्हा आठवतं."

सायकल चालत होती, वल्ही चालत होती. मग मी म्हटलं, "तुझ्या बरगड्या मोडल्या ना, तो आवाज जात नाही माझ्या कानातून."

त्याची वल्ही वरच थांबली. होडी आपल्याच वेगानं सरकत राहिली.

"हे कधी बोलली नाहीस."

"तुला काय सांगायचं? तुझ्याच होत्या."

तो हसला की काय ते मला नीट दिसलं नाही. पुन्हा वल्हवायला लागला, थोडा हळू. पुढचे नऊ किलोमीटर आम्ही असेच गेलो, तो पाण्यातून, मी काठावरून. मधूनमधून मी पुढे जायची. मग मागे वळून बघायची. वळून बघते हे त्याला पाठमोऱ्याला कळत नव्हतं, एवढंच माझं समाधान.

तोतोर्पला मी सायकल ठेवली. पुढे वीकेन सरोवर. तिथे काठची वाट नाही.

"बस आहे," तो म्हणाला. टोमण्यानं नाही.

मी विचार केला. मग मागची फळी सोडून होडीच्या पुढच्या टोकाला, त्याच्या पाठीमागे जाऊन बसले, तोंड पुढे करून.

"सुकाणू?"

"वल्ह्यांनीच वळव. मी सांगते, उजवं की डावं."

आता त्याचं तोंड दिसत नव्हतं. श्वास ऐकू येत होता, आणि मान वळवायची इच्छा सारखी होत होती. दोनदा वळवलीही. पण बेटं जवळ येत होती, पाण्याखाली खडक होते, आणि ते बघणारी मी एकटीच होते. "उजवं," मी म्हणायची. "अजून. आता सरळ." तो ऐकत होता.

समुद्र लागायला अजून दहा दिवस लागले. वेटेर्न सरोवरात लाटा फार, त्याला आम्ही ट्रकवर होडी टाकून वळसा घातला. मोतालाला त्याची पाठ धरली; दोन दिवस पडून राहिला आणि मला पत्त्यांत हरवत राहिला. मेमला, कालवा समुद्राला मिळतो तिथल्या शेवटच्या दरवाज्यापाशी, सकाळी जाग आली तर तंबूत तो नव्हता. बाहेर पाण्यात कुणीतरी पोहत असल्याचा आवाज येत होता.

मी हाक मारली नाही. बूट मात्र घातले, नाड्या बांधल्या, आणि तंबूच्या तोंडाशी तो परत येईपर्यंत बसून राहिले.