समाधीशेजारची जागा

मल्लिनाथनं मला एका महिन्यात दोनदा पेढे आणून दिले, तवाच मी वळखलं, पाणी कुठं तरी मुरून राहिलंय. ह्यो माझा धाकटा दीर. उदगीरच्या मोंढ्यात त्याची तुरीची अडत हाय. घासाघीस केल्याबिगर कोथिंबीरसुद्धा घेत न्हाई, आन् मला फुकट पेढे? वर इचारतो, वैनी, तब्येत कशी हाय. जल्मात कधी इचारली न्हवती त्यानं माझी तब्येत.

सगळं त्या गोल्फच्या मैदानापायी. गावाबाहेर आमचा माळ हाय. तितं कुसळाबिगर काही उगवत न्हवतं. मल्लिनाथ हैदराबादेला कुण्या व्यापाऱ्यासंगं काठीनं चेंडू मारून आला, आन् आल्याआल्या माळावर गवत लावून सहा भोकांचं मैदान केलं. माझा हिस्सा पन त्यातच गेला. लोक हसले. लातूरचे दोन-चार डॉक्टर सोडले तर कुत्रं फिरकत न्हाई तिकडं. आता म्हणे मोठं करायचं. नऊ भोकं, जेवायची सोय, मुक्कामाला तंबू, म्हंजे नांदेड-बिदरचे लोक शनवार-ऐतवारी येतील. येऊ देत की. मला काय त्याचं?

मला एकाच गोष्टीचं होतं. त्या माळावर लिंबाखाली माझ्या मालकाची समाधी हाय. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत न्हाईत, माती देतात. सिद्धेश्वर गेले तवा माती द्यायचा इधी करणाऱ्या जंगमासमोर, सगळ्यांच्या देखत मी बोलले होते, शेजारची जागा माझी. दर सोमवारी मी तितं जाते, बेल वाहते, आन् त्या मोकळ्या जागेत घडीभर टेकते. खोटं कशाला बोलू, घरापेक्षा तितंच बरं वाटतं मला. हिस्सा घेताना मल्लिनाथनं हातात इभूत घेऊन शब्द दिला होता, दादाच्या समाधीला धक्का लागणार न्हाई.

पन त्याची पोरगी अक्षरा पुण्याहून आली आन् माझा जीव थाऱ्यावर राहिला न्हाई. ती नकाशे काढायचं शिकलीय. ओट्यावर कागद पसरून बसायची, मी चहा घेऊन गेले की कागदाची सुरळी. मला दोड्डव्वा म्हणती ती, थोरल्या चुलतीला आमच्याकडं तसंच म्हणतात. लहानपणी माझ्याच कुशीत झोपायची, आन् आता डोळ्याला डोळा देईना. मंग हैदराबादचे दोन जण येऊन लिंबाखाली टेप लावून गेले. इचारलं तर मल्लिनाथ म्हणतो, गवताचं माप घेऊन राहिले. लिंबाखाली गवत उगवतं व्हय रे बाबा?

त्यावर त्यानं कडी केली. म्हणाला, वैनी, गाडी सांगितलीय, श्रीशैलाला जाऊन या, निवांत ऱ्हावा तितं. माझी खात्रीच पटली. मी तिकडं मल्लिकार्जुनासमोर हात जोडायचे आन् हिकडं हे माझ्या माणसाला उकरणार. देवाच्या कामाला न्हाई तरी कसं म्हणावं? बसले गाडीत. बिदर आलं तसं पोट धरून वरडायला लागले. ड्रायव्हर भीमा गरीब माणूस, घाबरून दवाखाना शोधायला लागला. मी म्हणलं, दवाखाना नको, माळावर चल. देवानं माफ करावं मला.

माळावर मशीन चालू होतं. लिंबाखाली बघते तर समाधी जागच्या जागी. वरून ताजा चुना दिलेला, भोवती झेंडूची रोपं. मला रडूच आलं. किती वंगाळ बोलले होते मी मनातल्या मनात. तशीच पुढं गेले, आन् मंग दिसलं. शेजारी खड्डा होता. कंबरेइतका खोल, आन् त्यात पांढरी रेती टाकून राहिले होते.

मशीनपाशी उभी असलेली अक्षरा गडबडीनं सांगायला लागली की चेंडू रेतीत अडकला की खेळाची गंमत वाढती, अवघड मैदानावरच लोक लांबून येतात. तेवढ्यात मल्लिनाथ पळत आला. आधी समाधीकडं बोट दाखवलं. नख सुद्धा लावलं न्हाई म्हणाला, शब्द पाळलाय. आन् खरंच होतं ते.

"आन् माझी जागा?" मी म्हणलं.

त्यानं अक्षराकडं बघितलं. मंग खाली बघून म्हणाला, "वैनी, तुमच्यासाठी रुद्रभूमीत बघून ठेवलीय. गेटाजवळच हाय. लोकांना यायला सोपं."

रुद्रभूमी म्हंजे आमच्या समाजाचं गावातलं मसणवटं. मी जिती, धडधाकट, दोन भाकरी खाऊन पचवणारी, आन् ह्यांनी मला कुठं पुरायचं ते परस्पर ठरवून टाकलं होतं. मेलेल्यापायी दिलेला शब्द पाळला, जितीला कुणी इचारलं न्हाई. म्हणून तब्येतीची चवकशी! राग तर आलाच. पन रागापेक्षा लई एकटं वाटलं.

मी लुगडं सावरलं आन् खड्ड्यात उतरले. रेतीत मांडी घालून ताठ बसले. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं निजवत न्हाईत, असंच मांडी घालून बसवतात आन् जल्मभर गळ्यात घातलेलं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. मी गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आन् डोळे मिटले.

मशीन बंद पडलं. अक्षरा रडायला लागली, ऊठ म्हणून इनवायला लागली. मी डोळा किलकिला करून मल्लिनाथकडं बघितलं. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. माझ्या मालकाला ह्याच लिंबाखाली त्यानंच बसवलं होतं, पाठीला हात लावून, मान सरळ करून. घोगऱ्या आवाजात त्यानं मशीनवाल्याला सांगितलं, रेती काढ, माती आण, खड्डा बुजव.

"आधी मला वर काढ," मी म्हणलं, "मंग बुजव."

त्यानं वाकून हात दिला आन् मला वर घेतलं. खड्डा पुरता बुजून वरची माती दाबून होईपर्यंत मी तो हात सोडला न्हाई.