नदीवाल्याची टोपी

"टोपी वाहून गेली ना?" धाकलूकाका विचारत होते. "मग झालं. त्या पिक्चरांत टोपी गेली की माणूस गेला. टोपी पडली आनि माणूस जगला, असा एक तरी दाखव."

"बहिऱ्याचा," बाबा म्हणाले.

"बहिऱ्यानं टोपी सोताहून काढली. समोर बाई होती म्हणून. काढलेली टोपी आनि पडलेली टोपी यात काय फरक हाय का नाय?"

बाबांना हसू आलं आणि हसता हसता ते मध्येच थांबले. त्यांचा हात टेबलाच्या कडेवर गेला. हॉटेलच्या गल्ल्यावरचा नामा उठून उभा राहिला. मी कप खाली ठेवला, पण आवाज होऊ दिला नाही.

मग बाबांनी बशीत चहा ओतला. "आनि घोड्याचे कान?" ते म्हणाले. "कानांचं काय करशील?"

नामा परत बसला. रविवारची दुपार होती. म्हसा गावची जत्रा नुकतीच उठली होती आणि मुरबाडच्या स्टँडवर जत्रेतून घेतलेली घोंगडी, टोपल्या घेऊन लोक अजून गाड्या बदलत होते. बुधवारी ठाण्याच्या हॉस्पिटलात बाबांचं ऑपरेशन होतं. त्या दुपारी आमच्यापैकी कोणीही अजून तो शब्द काढला नव्हता.

बाबा म्हणजे जयराम ड्रायव्हर. धाकलूकाका त्यांचे कंडक्टर. मुरबाड-शहापूर गाडीवर दोघांनी मिळून इतकी वर्षं काढली, की सरळगाव-किन्हवलीकडची माणसं एकाला दुसऱ्याशिवाय ओळखत नसत. त्यांचं एक वेड होतं, घोड्यांचे इंग्रजी सिनेमे. तरुणपणी सुट्टी मिळाली की दोघं कल्याणला जाऊन ते पाहात, नंतर शहापूरच्या व्हिडिओवर. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. सिनेमांची नावं लक्षात राहात नसत, म्हणून त्यांनी आपली नावं पाडली होती. बहिऱ्याचा म्हणजे ज्यात बहिरा फौजदार घोड्याच्या कानांकडे बघून ओळखतो की मागून कोणी येतंय. विहिरीवाला म्हणजे ज्यात दोन वैरी एका कोरड्या विहिरीत अडकतात. कोणता सगळ्यात भारी, कोणाच्या पिस्तुलातून सहाऐवजी आठ गोळ्या सुटल्या, ती माणसं पत्र्याच्या ताटलीत खातात ते आपले वालच का, या सगळ्यावर त्यांची भांडणं होत. निवृत्त झाल्यावर काका दर रविवारी शहापूरहून केवळ भांडायला येत.

सगळी भांडणं शेवटी नदीवाल्यापाशी यायची.

नदीवाला त्यांनी म्हशाच्या जत्रेत पाहिला, तंबूत. एक गुराखी दुसऱ्याच्या मालकीची गुरं घेऊन मुलूख ओलांडतो. वाटेत एकेक जनावर जातं, साथीदार जातात, त्याला गोळी लागते. शेवटी तो पुराच्या नदीशी येतो, खोगिरावर पुढ्यात एक वासरू घेऊन. घोडा पाण्यात घालतो. पाणी घोड्याच्या मानेला लागतं. गुराख्याची टोपी वाहून जाते. आणि नेमकं तेव्हा, जत्रेत विकायला आणलेला एक खोंड तंबूचे दोर ओढत आत घुसला. पडदा खाली आला, माणसं ओरडत बाहेर पळाली, आणि पुढे काय झालं ते म्हशात कोणालाच कळलं नाही.

तोच तंबू पुढच्या आठवड्यात शहापूरला लागला. काका जाऊन आले. बाबांना जाता आलं नाही, कारण त्या आठवड्यात माझा जन्म झाला.

"पोरीच्या पायी तुझा घोडा पाण्यात राहिला," काका मला समोर बसवून म्हणायचे. "मी पायला. मेला तो."

"तू झोपला असशील. घोड्याचे कान उभे होते. बुडणाऱ्या जनावराचे कान पडतात. पोचला तो."

वादाचा एक पाठच ठरला होता. गाडी काळू नदीच्या पुलावर आली की बाबा ड्रायव्हरच्या जागेवरून, मान न वळवता, ओरडत, "पोचला!" मागच्या दारातून काका, "मेला!" रोजचे उतारू हसत. नवीन उतारू घाबरून खिडकीतून पाण्यात बघत. मी लहानपणी सुट्टीत त्या गाडीत बसे, तेव्हा पूल ओलांडल्यावर काका विचारत, "तू कोनाच्या पार्टीची गो?" बाबा आरशातून माझ्याकडे बघत. मी खिडकीबाहेर बघत बसे.

मोठी झाल्यावर मी शहापूरच्या वाचनालयात नोकरीला लागले. पुस्तकं भरपूर वाचली. तेव्हा मला उत्तरही सुचलं होतं. गोळी लागलेला माणूस, भरलेली नदी, हातात शेवटचं वासरू. अशा गोष्टीत वासरू पोचतं, माणूस पोचत नाही. पण बाबांनी विचारलं की मी म्हणे, "मी कुठं पाहिलाय?"

"पायला नसला तरी वाटतं ना काय तरी?"

"न पाहिलेल्यावर कसं सांगू?"

त्या रविवारीही त्यांनी विचारलं. चहा संपला होता, काकांची गाडी लागायची होती. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "अनिता, तू सांग. इतकी पुस्तकं वाचतेस. पोचतो का तो?"

आदल्या गुरुवारी डॉक्टरांनी मला जिन्यापाशी बाजूला बोलावलं होतं. वय, साखर, आधी येऊन गेलेला झटका. "करायला हवंच," ते म्हणाले होते, "पण तुम्ही मनाची तयारी ठेवा." हे मी बाबांना सांगितलं नव्हतं. आणि आता ते मला विचारत होते, पोचतो का. बशीकडे बघत नव्हते, काकांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आत्ता उत्तर दिलं तर वाद मिटेल, आणि वाद मिटला तर यांना परत यायला काही कारणच उरणार नाही.

"ऑपरेशन झाल्यावर सांगते," मी म्हणाले.

शब्द निघून गेला. नामा फडक्यानं गल्ला पुसायला लागला.

"बघ," काका घाईघाईनं म्हणाले, "पोरगी माझ्या पार्टीची हाय. तुला वाईट वाटंल म्हणून बोलत नाय."

"तुझ्या पार्टीत तू एकटाच रे, धाकल्या. जल्मभर एकटा."

मंगळवारी सकाळी मी भाड्याची जीप बोलावली. काका पहिल्या गाडीनं शहापूरहून आले होते. ठाण्याला येतो म्हणाले, पण बाबांनी नको सांगितलं. पिशवी ठेवली, पाण्याची बाटली ठेवली, रिपोर्टांची पिशवी मी मांडीवर घेतली. बाबा पुढं बसले, ड्रायव्हरशेजारी, आणि बसल्याबसल्या त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधू लागला. काका गाडीच्या मागं गेले. सगळे बसलेत का बघितलं, दार ओढून पाहिलं आणि पत्र्यावर हात मारला. ठक ठक. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. बाबांनी मागं न बघता मान हलवली. वाटभर मी त्यांच्या मानेकडे बघत होते. ती जरा कलली की मी पुढं वाकून विचारत होते, "पाणी हवं का?" तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "जीपवाल्याला दे. माझ्यापेक्षा त्यालाच घाम सुटलाय."

बुधवारी सकाळी त्यांना न्यायला आले. हिरवे कपडे घातले, कवळी काढून घेतली, गळ्यातली माळ काढून घेतली. बाबांच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. नोकरीतली खाकी सुटल्यापासून ती होती, झोपतानाही उशाशी असे. नर्सनं ती उचलली आणि माझ्या हातात दिली.

बाबांनी टोपीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"धाकल्याला सांगू नको," ते म्हणाले.

मला हसायला हवं होतं. हसले असेनही. त्यांनी मान उशीवर जरा वळवली. "कान बघ," म्हणाले. "उभे हायत ना?"

"आहेत."

"मग?"

एवढंच. ते वाट बघत होते हे मला कळत होतं. वॉर्डबॉयनं ढकलगाडीचा ब्रेक पायानं सोडला. मी म्हणाले, "आल्यावर सांगते, बाबा." ते "बरं" म्हणाले. दार दोन्ही बाजूंनी झुलत मिटलं आणि मी टोपी हातात घेऊन बाकावर बसले.

ऑपरेशन झालं. बाबा शुद्धीवर आले नाहीत.

बारावं आटपल्यावर मी शहापूरला परत निघाले. नोकरी होती, वाचनालयाच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. काका सोबत होते. ते बारा दिवस जवळजवळ आमच्याकडेच होते. पाणी भरत, माणसांना चहा देत, पण नामाच्या हॉटेलात एकदाही गेले नाहीत. आम्ही मधल्या बाकावर बसलो. काका जन्मात कधी मधल्या बाकावर बसले नसतील. कंडक्टर नवा होता, त्यानं त्यांना ओळखलं नाही. काकांनी तिकीट घेतलं आणि मुठीत धरून ठेवलं.

सरळगाव गेलं. भात कापलेली खाचरं कोरडी पडली होती, कुठं कुठं वाल हिरवे दिसत होते.

"अनिता," काका म्हणाले, "एक बोलू?"

"बोला."

"मी नाय पायला."

"काय?"

"नदीवाला. त्याचा शेवट मी नाय पायला गो." ते समोरच्या बाकाच्या दांडीशी बोलत होते. "गेलतो मी शहापूरला. तंबू होता. पण पिक्चर बदललेला, देवाचा लावलेला. तसाच परत आलो. तुझा बाप पेढे वाटत होता. मला बोलला, सांग, पोचला ना? इतका खूश होता, मला वाटलं जरा गंमत करू. मी बोललो, मेला."

"मग नंतर?"

"नंतर काय. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी मेला बोललो की तो दोन गावं जाईस्तोर भांडायचा. लांबची गाडी, रोजचा रस्ता. बोलायला काय तरी लागतं माणसाला. मी 'हो, पोचला' बोललो असतो तर पुढं काय बोललो असतो आमी?" त्यांनी तिकिटाची सुरळी केली. "त्या रविवारी पन मी तेच बोललो. ऑपरेशन समोर, आनि मी आपला, मेला, मेला. बोलून बोलून मारला मी त्याला."

"असं नसतं, काका."

"तुला काय म्हाईत कसं असतं?"

खरंच माहीत नव्हतं. मी तर न बोलून बाबांना वाचवायला निघाले होते. माझ्या पर्समध्ये ती टोपी होती, चार घड्या घातलेली. काकांना सांगू नको असं बाबांनी म्हटलं होतं, म्हणून मी पर्स जवळ ओढून घेतली.

"कोनीच नाय पायला," काका स्वतःशीच म्हणाले. "म्हशात नाय, शहापुरात नाय. आता कोन सांगनार?"

गाडीनं गिअर बदलला. पुढं उतार होता. बाबा इथं कसे गाडी खालच्या गिअरवर घेत, इंजिन कसं घुमे, ते मला पायांना आठवलं. मग झाडी संपली आणि काळूचा पूल आला. नदीत पाणी थोडं होतं, खडक उघडे पडले होते, एका डोहाशी म्हशी बसल्या होत्या. काकांनी डोळे ड्रायव्हरच्या जागेकडे लावले. त्यांचे ओठ जरा उघडले. तेही वाट बघत होते, पुढून आवाज यायची.

पुढून आवाज आला नाही. गाडी पुलाच्या मध्यावर आली.

मला अजूनही वाटतं, तो बुडाला असेल. गोष्ट मला तशीच दिसते. पण बाबांनी मला कधी गोष्ट विचारलीच नव्हती. आरशातून बघत ते विचारत होते ते दुसरंच होतं.

मी दांडी धरून उठले.

"पोचला!"

माझा आवाज गाडीत भलताच मोठा वाटला. पुढच्या बाकांवरच्या बायका वळल्या. कंडक्टरनं बॅग सावरत विचारलं, "कोण पोचला, ताई? कोणाला उतरायचंय?"

मी काकांकडे वळून बघितलं नाही. पण कान त्यांच्याकडे होते. काका आता म्हणतील, अजून म्हणतील. ते काहीच म्हणाले नाहीत. गाडीचे पुढचे टायर पुलाच्या त्या टोकाच्या खड्ड्यात आपटले आणि बाहेर आले.

ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या आरशात एक अनोळखी चेहरा माझ्याकडे बघत होता. मी त्या आरशाकडे बघूनच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बाबा, मी तुमच्या पार्टीची."