धाकट्याचं भाषांतर

शेडचं दार उघडलं, तर आमच्या छपाईयंत्रांच्या जागी जमिनीवर नुसते तेलाचे डाग. कोर्टाच्या बेलिफने खांदे उडवले. मी धाकट्या भावाकडे पाहिलं.

पैसे थकवणाऱ्या गिऱ्हाइकाने यंत्रं परत करावीत, असा लवादाच्या पंचांचा निवाडा कधीच लागला होता. पण निवाडा एका देशात आणि यंत्रं दुसऱ्यात. मग इथल्या कोर्टाचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे जप्तीचा हुकूम मिळाला, तोही गिऱ्हाइकाला पत्ता न लागू देता. यंत्रं आली नाहीत तर कारखान्याला टाळं लागणार होतं. वकीलबाई सोडल्या तर आम्ही कधी निघणार हे फक्त आम्हा दोघांना आणि बाबांना ठाऊक. बाबांनी कारखाना उभा केलेला, त्यांच्यावर कोण संशय घेणार? राहिला धाकटा. तो पूर्वी याच देशात नोकरीला होता आणि गिऱ्हाइकाशी त्याची चांगली ऊठबस होती.

रखवालदार इथल्या भाषेत, हातवारे करत, बराच वेळ बोलला.

"काय म्हणतो?"

"काही माहीत नाही म्हणतो," धाकटा म्हणाला.

"एवढं लांबलचक बोलून?"

"दादा, चल आता." त्याने नजर चुकवली.

बायको म्हणते, मी आरशातल्या माणसाकडेही ओळखपत्र मागेन. हॉटेलात मी धाकट्याचा फोन मागितला. त्याने मुकाट्याने दिला. त्यात काही सापडलं नाही, म्हणजे पुसलं असणार, असं मी ठरवूनच टाकलं.

"घरभेद्या!" मी ओरडलो. "कारखान्यात पुन्हा पाऊल टाकायचं नाही!"

त्याने खिशातून कारखान्याच्या किल्ल्या काढल्या आणि पलंगावर ठेवल्या.

घरी पोचलो, तर बाबा चिडलेले.

"हलवली म्हणे यंत्रं? कमाल आहे! मी तर आधी फोनही केला होता त्याला."

"कुणाला?"

"गिऱ्हाइकाला. आमची माणसं येतायत, यंत्रं बंद करून पुसून ठेवा म्हटलं. न कळवता कुणाच्या यंत्राला हात लावायचा नाही, ही आपली पद्धतच आहे ना! जप्तीचं अवाक्षर काढलं नाही हं मी. हो हो म्हणाला बेटा, आणि बघ."

किल्ल्या घेऊन मी तसाच धाकट्याच्या घरी गेलो. त्याने दार उघडलं. मी किल्ल्या पुढे केल्या.

त्याने त्या घेतल्या नाहीत. "बाबांनी फोनचं सांगितलं वाटतं," तो हळूच म्हणाला. "रखवालदार तेच सांगत होता. म्हाताऱ्या मालकाचा फोन आला आणि लगेच ट्रक लागले."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू तिथूनच बाबांना फोन लावला असतास." मग त्याने विचारलं, "यंत्रं त्यांच्यामुळे गेली, हे कळलंय त्यांना?"

"नाही."

"मग नकोच कळू दे. माझंच नाव राहू दे."

मला माझी लाज वाटली. किल्ल्या तशाच हातात धरून मी दारात उभा राहिलो.