पेरूच्या लाकडाची मूठ

बासष्टाव्या वर्षी मी लोहाराकडे शिकायला जाऊ लागलो, तेव्हा शेजारीपाजारी म्हणाले, म्हातारचळ लागला. लागू दे. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, खडूपेक्षा जड काही कधी हातात धरलं नाही. मला सुरी करायची होती, एकच, आणि तीही ताईसाठी.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहाचा होतो आणि ती चौदाची. पुढे एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं भाज्या चिरल्या आणि त्या चिरण्यावर मी मास्तर झालो. घरात पाव असो की फळ, वाटे तीच करायची. मोठा वाटा दर वेळी माझ्यापुढे यायचा. "तुला कमी का?" असं विचारलं की म्हणायची, "सुरी घसरली रे." मी भोळेपणाने बरीच वर्षं ते खरं मानलं. नंतर विचारायचं राहूनच गेलं.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र रुसून बसला. अंगठा आणि दोन बोटं कशीबशी मिटायची. सुरी धरली की दोन मिनिटांत जमिनीवर. तिसऱ्यांदा पडली तेव्हा तिने ती खणात टाकली आणि म्हणाली, "झालं, माझं चिरणं संपलं." तेव्हापासून तिच्याकडे डबा येतो आणि ती तो निमूट खाते. जन्मभर दुसऱ्यांना वाढलेल्या बाईचं ते निमूट खाणं मला बघवत नव्हतं. त्या हाताला सोसेल अशी मूठ मिळाली, तर ती पुन्हा ओट्याशी उभी राहील, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. नाही मिळाली, तर तिचंच म्हणणं खरं ठरणार होतं.

लोहार माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मी त्याला मास्तर म्हणायचो आणि तो मला सर. पातं तीन महिन्यांत झालं. म्हणजे हातोडा माझा आणि अक्कल त्याची. दोन पाती मी तापवून पाणी देताना तडकवली, तिसरं टिकलं. मग मुठीची वेळ आली, आणि मी खिशातून शिसवीचा तुकडा काढला. काळाभोर, आरशासारखा घोटलेला. महिनाभर शोधून मिळवला होता.

मास्तराने तो हातात घेतला, मान हलवली आणि फळीवरून आणखी दोन तुकडे काढून शेजारी ठेवले. एक शिंगाचा, एक फिकट तपकिरी लाकडाचा.

"हे कसलं?"

"पेरूचं. आमच्या परसातलं झाड पडलं होतं. चार वर्षं वाळतंय."

"पेरूचं! अहो मास्तर, त्या बाईने मला माणूस केलं. तिला काय पेरूची मूठ देऊ?"

त्याने साबणाच्या पाण्याची बादली माझ्यापुढे सरकवली. "हात बुडवा, आणि एकेक धरून बघा. कोरड्या हाताने निवडलेली मूठ ओल्या हाताला दगा देते."

शिसव माशासारखी सुळकन निसटली. शिंग टिकलं, पण मास्तर म्हणाला की रोज पाण्यात गेलं तर ते खिळ्यापाशी तडकेल. पेरूचं लाकूड ओलं झालं तसं हाताला जास्तच धरून राहिलं. मला ते दिसत होतं, पण पटवून घ्यायचं नव्हतं. पडलो तरी नाक वर, हा माझा जुना स्वभाव.

"सुरी कपाटात ठेवायचीय की हातात?" मास्तर म्हणाला. "हात त्यांचा आहे ना, मग निवड त्यांची. तिन्ही तुकडे घेऊन जा, टेबलावर ठेवा, आणि एक शब्द बोलू नका. बघा फक्त."

शब्द न बोलता बसणं मला शाळेतही कधी जमलं नव्हतं. तरी रविवारी गेलो, तुकडे टेबलावर ठेवले आणि खिडकीबाहेर बघितल्यासारखं करत बसलो. ताई कप विसळून ओल्या हातांनीच आली.

"हा काय कचरा आणलास, ठोंब्या?" सत्तर वर्षांच्या बाईने बासष्ट वर्षांच्या माणसाला अशीच हाक मारायची असते. शिसव तिने उचलली, "छान आहे, पेपरवेट कर," म्हणून ठेवून दिली. शिंगाचा वास घेतला, नाक मुरडलं आणि पदराला हात पुसला. मग पेरूचा तुकडा उचलला. आणि तिची गाडी सुरू झाली. डब्यातलं मीठ, वरच्या मजल्यावरचं भांडण, माझं वाढलेलं पोट. तासभर ती बोलत होती आणि तासभर तो तुकडा तिच्या हातात फिरत होता. निघताना मला तो मागून घ्यावा लागला. मी जिना उतरलो तो जवळजवळ उड्या मारतच.

"कोणत्या हातात धरला होता?" मास्तराने विचारलं.

"उजव्या! नाहीतर कोणत्या? तिला साठ वर्षं चिरताना बघतोय मी."

तो भात्याकडे वळला. मी मात्र तिच्या त्या दुबळ्या उजव्या हाताचा विचार करकरून मूठ घडवली. उजव्या बाजूला तळवा भरून जाईल असा फुगवटा, डाव्या बाजूला अंगठ्यासाठी खळगा. पितळेचे तीन खिळे ठोकले, जवसाचं तेल चोळलं. लाकूड मधासारखं दिसायला लागलं. माझं मलाच कौतुक वाटलं. निघताना मास्तराने पिशवीत कानस आणि काचपेपर कोंबला. "मूठ मालकाच्या हातात गेल्यावरच पुरी होते, सर." मी म्हटलं, "माझी झालीय पुरी."

फडक्यात गुंडाळलेली सुरी मी ताईपुढे ठेवली. तिने फडकं सोडलं. सुरी बघितली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा सुरी बघितली. "तू केलीस?"

"मी."

तिने हात पुढे केला. डावा.

मूठ तिच्या डाव्या हातात गेली आणि सगळंच उलटं झालं. फुगवटा बोटांना आडवा आला, अंगठ्याला खळगा सापडेना. ती हाताची जागा बदलत राहिली. मला वाईट वाटू नये म्हणून ती धडपड चालली होती, हे कळायला भूगोल लागत नाही.

"उजव्यात धर ना, ताई."

"तो गेला रे. केव्हाच गेला." मग हळूच म्हणाली, "चार महिने झाले, दुपारी दार लावून डाव्याने शिकतेय. आधी बटाटे, आता कांद्यापर्यंत आलेय. चांगलं जमल्यावर तुला बोलावून जेवायला घालणार होते."

मला तो रविवार आठवला. तासभर मी लाकडाकडे बघत बसलो होतो, हाताकडे बघितलंच नाही. मास्तराने नेमकं विचारलं, तेव्हा त्यालाच शिकवलं. आणि मी तिची निवृत्ती मोडायला निघालो होतो, जी तिने माझ्याआधीच मोडली होती.

"आता टणक शिसव असती तर बसलो असतो रडत," मी म्हटलं आणि पिशवीतून कानस काढली. मनातल्या मनात मास्तराचे पाय धरले. पात्याला फडकं गुंडाळलं. ताईने मूठ डाव्या हातात धरायची, कुठे टोचतं ते सांगायचं, मी तेवढं घासायचं, असं सुरू झालं. "इथे." "इथे?" "अरे वर, ठोंब्या." पेरूचं लाकूड कुरकुर न करता कमी होत गेलं. टेबलभर भुसा पडला. फुगवटा गेला, खळगा गेला, दिमाख गेला. साधी, सरळ, कोणत्याही हाताला चालेल अशी मूठ उरली.

घासता घासता मी म्हणून टाकलं. चेहरा खाली होता म्हणूनच जमलं असेल. "ताई, मी जो काही आहे तो तुझ्यामुळे आहे. कधी बोललो नाही."

"घास नीट," ती म्हणाली. पण तिचा आवाज ओला होता.

मग तिने हात ओले केले, मुद्दाम. सफरचंद पाटावर ठेवलं. उजव्या दोन बोटांनी अडवून धरलं आणि डाव्या हाताने सुरी चालवली. मूठ जागची हलली नाही. पातं सरळ, सावकाश, जिथे तिला हवं होतं तिथूनच खाली गेलं.

दोन फोडी झाल्या, एक मोठी, एक लहान. मोठी तिने माझ्यापुढे सरकवली.

मी तिच्याकडे बघितलं.

"सुरी घसरली रे," ताई म्हणाली.